मुलींची धाप आणि सूट मागणाऱ्या चिठ्ठ्या

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

डिसेंबर लागला की नागपुरातल्या शाळांच्या मैदानांवर नीट उजाडायच्या आतच शिट्ट्या वाजू लागतात. स्नेहसंमेलनाला जोडून होणाऱ्या क्रीडा स्पर्धांची तयारी याच पंधरवड्यात उरकायची असते, पारा दहा अंशांच्या आसपास उतरलेला असतो, रस्त्याच्या कडेला पेटवलेल्या पाल्याचा धूर जमिनीलगत रेंगाळत असतो आणि नेमक्या याच दिवसांत क्रीडाशिक्षकांच्या टेबलावर पालकांच्या चिठ्ठ्या साचू लागतात. 'माझ्या मुलीला धावण्यातून सूट द्यावी' एवढाच मजकूर. कारण बहुधा लिहिलेले नसते आणि लिहिलेच तर 'अशक्तपणा' असे असते. मी २७ वर्षे शारीरिक शिक्षण शिकवले आणि अशा चिठ्ठ्या कितीतरी वेळा वाचून, सही करून, वहीत चिकटवून टाकल्या. निवृत्तीनंतर त्या वह्या चाळताना जे दिसले ते नोकरीत असताना कधी लक्षात आले नव्हते. पाचवी-सहावीच्या वह्यांत दम लागतो म्हणून सूट मागणाऱ्या चिठ्ठ्या मुख्यतः मुलग्यांच्या होत्या. आठवी-नववीच्या वह्यांत त्या बहुतेक मुलींच्या झाल्या होत्या. मुलग्यांच्या चिठ्ठ्यांवर 'दमा' हा शब्द सरळ लिहिलेला होता. मुलींच्या चिठ्ठ्यांवर तो मला क्वचितच सापडला, म्हणून हे पत्र.

मुले वयात येताना दमा बाजू बदलतो, हे वैद्यकशास्त्राला पुष्कळ वर्षांपासून ठाऊक आहे. लहानपणी हा विकार मुलग्यांमध्ये अधिक आढळतो आणि दम्यामुळे रुग्णालयात दाखल करण्याची वेळही मुलग्यांवरच अधिक येते. बारा-तेरा वर्षांच्या पुढे हे अंतर मिटत जाते, मग उलटते आणि प्रौढ वयात दमा स्त्रियांमध्ये अधिक प्रमाणात व अधिक तीव्र स्वरूपात दिसतो. याचे एक कारण शरीराच्या घडणीत आहे. लहान मुलग्यांच्या श्वासनलिका त्यांच्या फुप्फुसांच्या आकाराच्या मानाने अरुंद असतात, त्यामुळे नलिकेच्या अस्तराला थोडी सूज आली तरी वाट चटकन बंद होते. वयात येताना मुलग्यांच्या नलिका झपाट्याने रुंदावतात, मुलींच्या तितक्या रुंदावत नाहीत. दुसरे कारण संप्रेरकांचे आहे. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक अ‍ॅलर्जीतून होणाऱ्या दाहाला आवर घालते, तर इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाने तो दाह वाढू शकतो. त्यामुळे 'वयात आला की दमा जातो' ही आपल्याकडची जुनी समजूत मुलग्यांच्या बाबतीत बऱ्याच अंशी खरी ठरते. ती ज्यांनी रूढ केली त्यांच्यासमोर मुलगेच असावेत, कारण मुलीचा दमा त्याच वयात डोके वर काढतो आणि तोपर्यंत घरादाराने दम्याचा विचार करणे सोडून दिलेले असते.

हे पुस्तकी वाटू नये म्हणून एक उदाहरण सांगते. आमच्या खो-खो संघात नववीतली एक मुलगी होती. पळतीच्या डावात तिचा हात धरणारे कोणी नव्हते. साखळी खेळताना ती अशी सहज फिरायची की पाठलाग करणाऱ्या मुली खांबाजवळ नुसत्या घोटाळत राहायच्या. त्या वर्षी दिवाळीनंतर मात्र सरावाला पाच-सात मिनिटे झाली की ती थांबू लागली. दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून, खांदे कानांपर्यंत उचलून ती उभी राही, आणि बाकीच्या मुली दम खाऊन पुन्हा पाटीवर बसल्या तरी हिचा श्वास खाली बसत नसे. खेळ थांबल्यावरच तो अधिक चढे आणि पुढचा अर्धा तास कोरडा खोकला येत राही. वर्गशिक्षिकेचे म्हणणे, अभ्यासाचे टेन्शन आहे. मी स्वतः, हे लिहिताना मला संकोच वाटतो, सगळ्यांसमोर तिला 'नाटक पुरे' असे म्हटले होते. तिच्या आईला बोलावले तेव्हा ती माउली म्हणाली, "तिला काही नाही झालं मॅडम, ते आता मोठी होऊन राहिली न, म्हणून दमते." जवळच्या दवाखान्यातून रक्तवाढीचे औषध आणले गेले, संघातून नाव कमी झाले आणि चिठ्ठी माझ्या वहीत चिकटली.

पुढे फेब्रुवारीत एका रात्री तिला बोलता येईना इतकी धाप लागली, तेव्हा कुठे मोठ्या डॉक्टरांकडे नेले गेले. तिथे यंत्रात फुंकर मारून घेण्याची चाचणी झाली, औषध ओढायला देऊन पंधरा-वीस मिनिटांनी तीच चाचणी पुन्हा झाली, आणि दोन्ही आकड्यांतल्या फरकाने दमा असल्याचे दाखवून दिले. मी भेटायला गेले तेव्हा आईने फ्रिजवरच्या डब्यातून दम्याचे औषध ओढायचा एक पंप (इनहेलर) काढून दाखवला. तो तिच्या मोठ्या भावाचा होता. त्याला पहिलीपासून सहावीपर्यंत दमा होता, त्याच्यासाठी दर पावसाळ्यात वाफेचे यंत्र भाड्याने आणले जाई, रात्र-रात्र जागून काढली जाई. वयात आल्यावर त्याचा त्रास गेला आणि पंप तिथेच पडून राहिला. ज्या घराला दम्याची खडान्‌खडा माहिती होती, त्याच घरात बहिणीचा दमा चार महिने कोणाला ओळखू आला नाही. आईवडिलांना दोष द्यावा असे मला वाटत नाही. दम्याचे त्यांच्या मनातले चित्र एका लहान मुलग्याचे होते.

हे आपल्याकडेच घडते असेही नाही. डेन्मार्कमधील ओडेन्से येथे १२ ते १५ वर्षांच्या शाळकरी मुलांची पाहणी झाली होती आणि तिचे निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांना दमा असूनही निदान झालेले नव्हते अशांमध्ये जवळजवळ दोन तृतीयांश मुली होत्या. ज्यांचे निदान झाले होते त्यांच्यात मुली एक तृतीयांश होत्या. निदान न झालेल्यांमध्ये कमी खेळणारी आणि वजन जास्त असलेली मुले-मुली अधिक होती, ही त्या पाहणीतली दुसरी नोंद मला क्रीडाशिक्षिका म्हणून अधिक बोचते. धाप लागते म्हणून मुलगी खेळ सोडते, खेळ सोडल्याने वजन वाढते, मग धाप लागली की वजनाकडे बोट दाखवले जाते आणि छातीला कोणी स्टेथोस्कोप लावत नाही.

मुलींची धाप चुकीच्या नावाने ओळखली जाण्याला आणखीही कारणे आहेत आणि त्यांतली काही अगदी पटण्यासारखी आहेत. रक्तक्षयाचेच पाहा. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते १९ वयोगटातल्या ५९.१ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. त्याच वयाच्या मुलग्यांमध्ये हे प्रमाण ३१.१ टक्के होते. अशा स्थितीत दमलेली मुलगी समोर आली की डॉक्टरांच्या मनात आधी हिमोग्लोबिन येणे स्वाभाविक आहे आणि पुष्कळदा ते बरोबरही असते. अडचण अशी की रक्त कमी असणे आणि दमा असणे ही काही एकमेकांची जागा अडवणारी कारणे नव्हेत. एकाच मुलीला दोन्ही असू शकतात. शाळेत मिळणाऱ्या लोहाच्या निळ्या गोळीने रक्त भरून येईल, परंतु आकसलेली श्वासनलिका त्या गोळीने सैल होणार नाही.

दुसरी गफलत याच्या उलट दिशेने होते. किशोरवयीन मुलींमध्ये, विशेषतः चुरशीने खेळणाऱ्या मुलींमध्ये, एक निराळाच प्रकार आढळतो: श्वास आत घेताना उघडायला हवेत ते स्वरतंतू जवळ येतात आणि घशाशीच वाट अडते. याला दमा समजून वर्षानुवर्षे पंप दिले जातात आणि गुण येत नाही म्हणून मुलीला मानसिक ठरवले जाते. मैदानावर उभ्या असलेल्या शिक्षकाला या तिन्ही गोष्टींतला फरक बराचसा कळू शकतो, हे मला फार उशिरा समजले. दम्याची धाप व्यायाम सुरू होऊन काही मिनिटे झाल्यावर चढते, पुष्कळदा थांबल्यावर आणखी वाढते, शिट्टी श्वास सोडताना ऐकू येते आणि सगळे ओसरायला अर्धा-पाऊण तास लागतो. स्वरतंतूंचा अडथळा ऐन जोर लावताना येतो, आवाज श्वास घेताना आणि गळ्यातून येतो, मुलगी बोट गळ्याकडे दाखवते, आणि थांबल्यावर काही मिनिटांत ती मोकळी होते. रक्तक्षयात आवाज बहुधा कसलाच नसतो. छाती धडधडते, जिना चढतानाही दम लागतो, डोळ्यांच्या पापण्या आतून फिकट दिसतात. निदान करणे शिक्षकाचे काम नाहीच, मात्र 'अशक्तपणा' या एका शब्दाऐवजी एवढी तीन वाक्ये त्या चिठ्ठीमागे लिहून पालकांच्या हाती दिली तर डॉक्टरांचे निम्मे काम होते.

भाषेचाही एक भाग आहे. मुलांमधील दम्याची जगभर तुलना करण्यासाठी १९९१ मध्ये जो मोठा अभ्यास सुरू झाला, त्यात १३-१४ वर्षांच्या मुलांना लेखी प्रश्नांबरोबर धाप लागलेल्या मुलांची चित्रफीतही दाखवली जाई, कारण छातीतल्या त्या आवाजाला प्रत्येक भाषेत नेमका शब्द मिळेलच असे नाही. मराठीत आपल्याकडे घरघर आहे, शिट्टी आहे, धाप आहे, दम आहे; पण मुली यातला एकही शब्द सहसा वापरत नाहीत. त्या म्हणतात, 'छाती भरून येते', 'कोंडल्यासारखं होते', 'घाबरल्यासारखं वाटते'. शेवटचे वाक्य ऐकले की ऐकणारा श्वास विसरतो आणि भीतीचे कारण शोधू लागतो. श्वास मिळत नसेल तर कोणीही घाबरणारच.

जे शाळेत कधीच उच्चारले जात नाही, तेही इथे लिहिते. दमा असलेल्या स्त्रियांपैकी साधारण ३० ते ४० टक्के स्त्रियांना पाळीच्या आधीच्या दिवसांत किंवा पाळीत त्रास वाढल्याचे जाणवते. त्या दिवसांत मुलगी मैदानावर येत नाही, आली तर दमते, आणि आपण सगळ्या जणी, हो, आम्ही शिक्षिकासुद्धा, 'असू दे' म्हणून विषय मिटवतो. महिन्याच्या ठरावीक दिवसांत रात्रीचा खोकला वाढतो का, हे तीन महिने दिनदर्शिकेवर खूण करून पाहिले तरी पुरे आहे. औषधाची मात्रा त्यानुसार कशी ठेवायची हे डॉक्टर ठरवतील. पण त्यांना तारखा कोणी तरी सांगायला हव्यात, आणि चौदा वर्षांची मुलगी वडिलांबरोबर दवाखान्यात गेली असेल तर ती सांगणार नाही.

हवेबद्दल नागपूरकरांना वेगळे सांगण्याची गरज नाही. कोराडी आणि खापरखेड्याच्या वीज केंद्रांची राख, भांडेवाडीच्या डेपोतला कचरा आणि सिमेंट रस्त्यांच्या कामांची धूळ मुलगा-मुलगी पाहत नाही, आणि राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या प्रदूषित शहरांच्या यादीत आपले शहर आहेच. घराच्या आतली हवा मात्र मुलगी पाहून छळते. शहरालगतच्या वस्त्यांत हिवाळ्यात अंघोळीचे पाणी अजून लाकडांवर तापते आणि पहाटे ती चूल पेटवण्याचे काम मुलीकडे असते. उज्ज्वला योजना २०१६ मध्ये आली, सिलिंडर घरी पोचला, तरी तो स्वयंपाकासाठी जपून वापरला जातो. केर काढणे, दिवाळीची झाडलोट आणि एप्रिलमध्ये माळ्यावरचा कूलर काढून त्याच्या गेल्या वर्षीच्या, बुरशी धरलेल्या वाळ्याच्या ताट्या झटकणे ही कामे आपल्या घरांत कोण करते, हे वाचकांनीच आठवून पाहावे. वाळ्याचा सुवास आपल्याला कितीही प्रिय असला तरी जुन्या ताटीतली बुरशी दम्याला थेट निमंत्रण देते. डास घालवण्याची जळती कॉइल ही त्यातली आणखी एक. एका कॉइलच्या धुरात ७५ ते १३७ सिगारेटींइतके अतिसूक्ष्म कण असतात असे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापात आढळले होते आणि ती आपण अभ्यासाच्या टेबलाखाली लावतो.

मुलग्यांविषयी थोडेसे, कारण त्यांचेही सगळे ठीक आहे असे नाही. ज्यांचा दमा वयात आल्यावर जातो त्यांतल्या काहींचा तो पुढे तिशी-चाळिशीत परत येतो, आणि ज्यांचा जात नाही ते तो लपवतात. पंप खिशात ठेवणे त्यांना कमीपणाचे वाटते. मित्रांसमोर तो ओढण्यापेक्षा ते मैदानाबाहेर जाऊन धापा टाकत बसतात आणि याच वयात पानठेल्यावरची सिगारेटही हाती येते. माझ्या अनुभवात मुलगी पंप लपवत नाही, कारण तो तिला कोणी दिलेलाच नसतो. दिला गेला तर तिची आई तो लपवते. पुढे सोयरिकीच्या वेळी अडचण येईल, ही भीती आजही खरी आहे. 'पंपाची सवय लागते' हे वाक्य दोन्हीकडे ऐकू येते आणि दोन्हीकडे चुकीचे आहे. प्रत्यक्षात जोखीम असते ती केवळ तात्पुरता आराम देणाऱ्या पंपावर विसंबून राहण्यात. दम्यावरील जागतिक मार्गदर्शिकेने २०१९ पासून १२ वर्षांवरील रुग्णांना सूज कमी करणाऱ्या औषधाशिवाय नुसता आरामाचा पंप देऊ नये असे स्पष्ट सांगितले आहे. तरीही दुकानातून हा आरामाचा निळा पंप विकत आणून तेवढ्यावर वर्षे काढणारी घरे माझ्या माहितीत आहेत.

हे सारे बदलण्यासाठी नवी योजना मागण्याची गरज मला वाटत नाही. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात सरकारी व अनुदानित शाळांतल्या सहा ते अठरा वर्षांच्या विद्यार्थ्यांची दरवर्षी तपासणी अपेक्षित आहे, आणि ज्या आजारांसाठी ती करायची त्यांच्या यादीत श्वासनलिका आकसण्याचा विकारही आहे. म्हणजे पथक आहे, यादी आहे, तपासणीचे कार्डही आहे. मात्र शाळेच्या व्हरांड्यात रांग लावून वजन, उंची, दात आणि डोळे पाहिले जातात तेव्हा शांत बसलेल्या मुलीची छाती अगदी साफ असते. दमा तपासणीच्या वेळी दिसत नाही. तो रात्री तीन वाजता किंवा मैदानाच्या चौथ्या फेरीला दिसतो. म्हणून आठवी-नववीच्या मुलींना, बाईमाणसाने, एकेकटीला बसवून दोन प्रश्न विचारले जावेत: गेल्या वर्षभरात खेळताना किंवा खेळून झाल्यावर छातीत शिट्टी वाजली का, आणि सर्दी नसताना रात्री कोरड्या खोकल्याने जाग आली का? ज्या हो म्हणतील त्यांना काही शे रुपयांना मिळणाऱ्या फुंकर मोजण्याच्या नळीत धावण्याआधी आणि धावून आल्यावर फुंकर मारायला लावावी आणि आकडा घसरलेला दिसला तर कार्डावर लिहून पुढे पाठवावे. खासगी विनाअनुदानित शाळा या कार्यक्रमाबाहेर राहतात, तेव्हा त्यांनी स्वतःच्या शुल्कातून एवढे केले तर कोणावर उपकार होणार नाहीत. तपासणीचे आकडे प्रसिद्ध करताना मुलगे आणि मुली, तसेच दहा वर्षांखालील आणि त्यावरील, असे वेगळे छापावेत, ही आरोग्य विभागाला विनंती आहे. एकत्र आकड्यात लहान मुलगे आणि मोठ्या मुली एकमेकांना झाकून टाकतात.

सूट मागणाऱ्या चिठ्ठ्यांबाबत माझ्या व्यवसायबंधूंना आणि भगिनींना एवढेच सांगते की आठवीच्या पुढच्या मुलीची चिठ्ठी आली तर ती तशीच वहीत चिकटवू नका. 'तपासणी करून आणा' असे तिच्यावर लिहून परत पाठवा. दमा असलेल्या मुलीने खेळू नये असे कोणताही जाणता डॉक्टर सांगणार नाही. उलट नियमित औषध, खेळाआधी दहा-पंधरा मिनिटांचा हलका सराव, थंडीत नाकातोंडावर रुमाल आणि पंप हाताशी, एवढ्यावर ती संघात राहू शकते. वर सांगितलेली मुलगी पुढच्या वर्षी दहावीला होती म्हणून घरच्यांनी तिला खेळू दिले नाही; त्याचा दम्याशी संबंध नव्हता, आणि ते दुःख वेगळ्या पत्राचे आहे.

'पंप हाताशी' म्हणजे कुठे, हे मात्र लिहायला हवे. मी पाहिलेल्या शाळांत विद्यार्थ्यांची औषधे कार्यालयातल्या लोखंडी कपाटात ठेवतात. कपाटाची किल्ली लिपिकाकडे असते, लिपिक साडेदहाला येतो आणि खो-खोचा सराव पहाटे साडेसहाला सुरू होतो.

आपली नम्र,
एक निवृत्त शारीरिक शिक्षण शिक्षिका,
नागपूर